‘काही लागलं तर सांग’ म्हणून झाल्यावर

प्रश्न : माझा कॉलेजपासूनचा जवळचा मित्र. तीन महिन्यांपूर्वी त्याची थोरली बहीण आजारपणात गेली. ४२ वर्षांची होती. कळल्याबरोबर मी त्याच्या घरी गेलो, पण तोंडातून शब्द फुटेना. निघताना कसंबसं म्हणालो, “आता आईबाबांसाठी तुलाच खंबीर राहायला हवं. काही लागलं तर हक्कानं सांग.” तो “हो” म्हणाला. त्यानंतर त्यानं काही सांगितलं नाही आणि मीही फोन केला नाही. मेसेज लिहितो, वाचतो, पुसतो. सगळंच पोकळ वाटतं. मागच्या आठवड्यात एका मित्राकडे तो भेटला, तर नेहमीसारखा थट्टामस्करी करत होता. म्हणजे सावरला असेल का? मग ताईचा विषय काढून खपली कशाला काढायची? बायको म्हणते, त्याला थोडा वेळ द्या. पण तीन महिने मी वेळच देतोय. (ताईनं एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री आम्हा दोघांना पहाटेपर्यंत बसवून गणित शिकवलं होतं. मी पास झालो तो निव्वळ तिच्यामुळे. तिचा सख्खा भाऊ मात्र नापास झाला.) पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस येतोय. नेमकं काय बोलू? योग्य शब्द सांगाल का?
— शब्द न सुचणारा मित्र

उत्तर :

नमस्कार,

तुम्हाला असं वाक्य हवंय, जे वाचून मित्राचं दुःख थोडं तरी हलकं होईल. तसं वाक्य माझ्याकडे नाही. चाळिशीतली बहीण गेली, तर त्यावर उतारा एकच, तिनं परत येणं. ते कुणाच्या हातात नसतं. म्हणून दुःख कमी करायला निघालेलं कुठलंही वाक्य तोकडं पडतं, लिहिणाऱ्यालाही ते लिहिता लिहिताच कळतं, आणि तो पुसून टाकतो. तीन महिने तुमचं हेच चाललंय. तेव्हा तो हेतूच सोडून द्या. शब्दांना झेपेल एवढंच काम त्यांना सांगा : तुझं काय गेलंय ते मला दिसतंय, एवढं त्याच्यापर्यंत पोचवायचं, आणि बदल्यात त्याच्याकडून काहीही मागायचं नाही.

पहिला भाग बहुतेकांना जमतो. दुसऱ्यात घोटाळा होतो. आपण सांत्वन म्हणून जे बोलतो, त्यात नकळत समोरच्यावर काहीतरी सोपवून येतो. म्हणून तोंड उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून बघा : हे ऐकल्यावर त्याला काय करावं लागेल?

“खंबीर राहा” घ्या. हे ऐकल्यावर त्याला खंबीर राहावं लागतं, निदान तुमच्यासमोर तरी. म्हणजे इथून पुढे तुमच्यासमोर रडायची सोय गेली. “निदान त्रासातून सुटली” घ्या. त्यावर मान डोलवावी लागते. मनात मात्र ती सुटायला नको होती, बरी व्हायला हवी होती, असंच चाललेलं असतं. (हेच वाक्य तो स्वतः बोलला, तर गोष्ट निराळी. तेव्हा “हो रे” म्हणा. ते त्याचं वाक्य आहे, आपण आधी उचलायचं नाही.) “देवाची इच्छा” हेही तसंच. ज्याची श्रद्धा आहे तो ते स्वतःच म्हणेल, ज्याची डळमळली आहे त्याला तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालावा लागेल. “मला माहीत आहे तुला काय वाटतंय, आमचे काका गेले तेव्हा...” इथून पुढे त्याला तुमच्या काकांची गोष्ट ऐकायची आहे, तीही चेहरा गंभीर ठेवून. आणि “मला इतकं वाईट वाटतंय की रात्र रात्र झोप लागत नाही” हे ऐकल्यावर तर त्यानंच तुमच्या पाठीवर हात ठेवायचा.

आता तुमचं वाक्य. “काही लागलं तर हक्कानं सांग” आपण सगळेच म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि ऐकणारा जवळजवळ कधीच काही सांगत नाही. याचं कारण त्याचा संकोच, असं आपण धरून चालतो. पण त्याला काय काय करावं लागेल ते बघा. आधी आपल्याला काय हवंय हे त्याला कळायला हवं. दुःखात माणसाचं साध्या गोष्टींतही लक्ष लागत नाही, काल काय केलं ते आठवत नाही, तिथे गरजांची यादी कुठून येणार? मग ती गरज तुमच्या कुवतीतली आहे का, तुम्ही ते शिष्टाचार म्हणून बोलला होतात की खरंच, तुमची वेळ सोयीची असेल का, याचा विचार. आणि एवढं सगळं झाल्यावर फोन उचलून मागणं. त्यानं “हो” म्हटलं ते तुम्हाला तिथून सुटता यावं म्हणून.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाहीये. त्या दारात उभं राहून जे सुचतं ते हेच असतं.

मात्र तुमच्या दोन वाक्यांतलं पहिलं जास्त खोल गेलं असेल, असं मला वाटतं. “आईबाबांसाठी तुला खंबीर राहायला हवं.” भावंड गेलेल्या माणसाला हे वाक्य पदोपदी भेटतं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, “आई कशा आहेत? बाबांनी काही खाल्लं का?” तो उत्तरं देतो, कागदपत्रं शोधतो, नातेवाइकांना फोन करतो, आणि या धामधुमीत बहीण आपलीही गेली आहे हे म्हणायला त्याला जागाच उरत नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाकडे लक्ष वेधलं होतं, ज्याला समाज पुरेसा मान देत नाही, ज्याबद्दल उघडपणे रडायचा हक्क माणसाला मिळत नाही. भावंडांचं दुःख बरेचदा त्याच रांगेत जाऊन बसतं. आईवडिलांचं लेकरू गेलं, नवऱ्याची बायको गेली, मुलांची आई गेली. भावाचा नंबर त्यानंतर. खरं तर आयुष्यात सर्वांत लांब चालणारं नातं सहसा भावंडांचंच. आईवडील आपल्या म्हातारपणापर्यंत पुरत नाहीत, जोडीदार निम्म्या वाटेवर येतो. आपण पाच वर्षांचे असताना घरात काय काय झालं, हे आठवणारं दुसरं माणूस म्हणजे बहीण. ती गेली की त्या आठवणी खऱ्या होत्या का, हे विचारायलाही कुणी राहत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये हे दुरुस्त करा. फार पसारा नको. “त्या दिवशी मी तुला आईबाबांसाठी खंबीर राहा म्हणालो. ते मागे घेतो. बहीण तुझी गेली आहे.” बस. तीन महिने गायब होतो त्याची माफीही अशीच, एका ओळीत. माफी लांबली की त्याला “अरे असू दे, तुझंही काम असतं” असं म्हणत तुमची समजूत काढावी लागते. आपण जायचं सांत्वनाला आणि सांत्वन करून घेऊन यायचं, असं होतं ते.

उशीर झालाय का, हा प्रश्न तुम्ही स्पष्ट विचारला नाहीत, पण तो पत्रात आहेच. नाही झालेला. उलट पहिल्या पंधरवड्यात माणसांची रीघ लागलेली असते, कोण आलं कोण गेलं तेही आठवत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत जो तो आपल्या कामाला लागलेला असतो, फोन थांबलेले असतात, आणि ती खरंच येणार नाही हे घरातल्यांना तेव्हा कुठे उमगायला लागलेलं असतं. त्या वेळी आलेला एक मेसेज पहिल्या दिवशीच्या शंभर ‘भावपूर्ण श्रद्धांजलीं’पेक्षा जास्त लक्षात राहतो.

आता त्याच्या हसण्याविषयी. तो सावरला का? थोडा वेळ, हो. संध्याकाळपर्यंत. दुःख सरळ रेषेत उतरत जातं असं आपण समजतो, तिथे फसतो. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गेलेल्या माणसात बुडालेला असतो, कधी बाहेर येऊन रोजची कामं, नव्या जबाबदाऱ्या, गप्पा, हसणं यांत असतो, आणि पुन्हा आत जातो. ही ये-जा बिघाडाची खूण नव्हे, सावरण्याची रीतच तशी आहे. तेव्हा थट्टामस्करी करणारा तुमचा मित्र ढोंग करत नव्हता, आणि तो बरा झालाय असंही नाही. त्या संध्याकाळी तो बाहेर आला होता, एवढंच.

याच्याच जोडीला ते ‘पाच टप्पे’ डोक्यातून काढून टाका, कुणीतरी तुम्हाला ते पाठवतीलच. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये हे मांडलं, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना ते पुढे चिकटवलं गेलं, आणि आता लोक दुःखी माणसाला प्रवासाची वेळापत्रकं दाखवल्यासारखे “तू अजून रागाच्या टप्प्यावर आहेस” म्हणून सांगतात. तुमचा मित्र एकाच दुपारी चिडेल, हसेल, गप्प बसेल आणि ताईच्या नंबरवर फोन लावायला जाईल. त्याला कुठल्याही टप्प्यावर बसवू नका.

खपलीचं काय? तुमची भीती अशी की ताईचं नाव काढलं तर त्याला आठवण होईल. पण ती त्याच्या मनातून गेलीच कधी? फोनमध्ये नाव आहे, घरात फोटो आहे, आईच्या प्रत्येक वाक्यात ती आहे. तुम्ही नाव घेतल्यानं त्याला नवीन काही कळत नाही. एवढंच कळतं की ती आणखी कुणाच्या तरी मनात आहे. लोक उलट करतात. त्याच्यासमोर तिचा उल्लेख टाळतात, विषय वळवतात, कुणी चुकून नाव घेतलं तर बाकीचे डोळ्यांनी दटावतात. हे सगळं त्याला दिसत असतं. एकेकाळी असं मानलं जायचं की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम. १९९६ च्या सुमाराला डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी या समजाला धक्का दिला. त्यांचं म्हणणं असं, की माणसं नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात, आणि त्यात काही अनारोग्य नाही. ज्याची बहीण गेली आहे त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. भोवतालच्यांना मात्र लागतं.

तर नाव घ्या. “तुझी बहीण” असं नाही, “झालेली घटना” तर नाहीच नाही. तुम्ही तिला ताई म्हणत होतात, ताईच म्हणा. आणि ‘गेली’ म्हणताना चाचरू नका.

आता तुमच्या पत्रातल्या कंसाकडे येऊ. तुम्ही सगळं पत्रभर शब्द नाहीत, शब्द नाहीत म्हणत राहिलात, आणि मध्येच कंसात, जणू विषयाशी संबंध नाही अशा थाटात, ती गणिताची रात्र लिहून गेलात. तोच तुमचा मेसेज. पहाटेपर्यंत दोन मठ्ठ पोरांना घेऊन बसलेली ताई, पास झालेला परका मुलगा आणि नापास झालेला सख्खा भाऊ. हे वाचून त्याला काहीही करावं लागत नाही. हसू आलं तर हसेल, रडू आलं तर रडेल, दोन्ही एकदम झालं तरी चालेल. बाहेरून आणलेलं सुभाषित हजार जण पाठवू शकतात, ही आठवण जगात फक्त तुमच्याकडे आहे. जी माणसं गेलेल्या माणसाला ओळखत होती, त्यांच्या खिशात असं काहीतरी असतंच. ते नेऊन द्यायचं. ज्याची बहीण आता नवीन काहीच बोलणार नाही, त्याला तिच्याबद्दलची अशी एखादी गोष्ट मिळणं, कदाचित विसरलेली, कदाचित तुमच्या बाजूनं कधीच न ऐकलेली, यापेक्षा जास्त काही कुणी देऊ शकेलसं मला वाटत नाही.

मेसेज साधारण असा होईल :

“ताईची आज खूप आठवण आली. परीक्षेच्या आदल्या रात्री तिनं आपल्याला पहाटेपर्यंत बसवून गणित शिकवलं होतं ते. मी पास झालो आणि तू नापास, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवशी तुला खंबीर राहा म्हणालो ते मागे घेतो. बहीण तुझी गेली आहे. तीन महिने फोन केला नाही, चुकलंच. उत्तर द्यायची गरज नाही.”

तिचा चेहरा मी माझ्या मनानं घातलाय. तुमच्या आठवणीत नसेल तर काढून टाका आणि जे खरंच झालं ते लिहा. यात खोटं अर्ध्या ओळीचंही चालत नाही, कारण वाचणारा त्या खोलीत होता. “उत्तर द्यायची गरज नाही” हे मात्र कापू नका. शिष्टाचार म्हणून ते टाकलेलं नाही. त्या चार शब्दांनी त्याच्या डोक्यावरचं एक काम कमी होतं.

पत्र लिहून सांत्वन करणाऱ्यांत मला एका माणसाचं राहून राहून नवल वाटतं. डिसेंबर १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात आहे, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर काय काय येऊन पडलंय याची गणती नाही. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ, इलिनॉयमधल्या न्यायालयाचे जुने कारकून विल्यम मॅकलो, लढाईत मारले गेले. त्यांची तरुण मुलगी फॅनी खोलीत कोंडून घेऊन बसल्याचं लिंकनना कळलं, तेव्हा त्यांनी तिला स्वतः पत्र लिहिलं. तुझे वडील देशासाठी गेले, अभिमान बाळग, असलं काही त्यात नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला ते लिहिणं किती सोपं होतं. ते सांगतात की तरुणांना दुःख जास्त जाळतं, कारण ते त्यांना बेसावध गाठतं. पुरता दिलासा काळाशिवाय मिळायचा नाही. आपल्याला पुन्हा कधी बरं वाटेल हे तुला आज खरं वाटणार नाही, पण वाटेल. आणि मी हे अनुभवानं सांगतोय. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा ११ वर्षांचा मुलगा विली गेला होता. पत्रात मात्र त्यांनी विलीचं नावही काढलेलं नाही. अनुभव आहे, एवढ्यावर थांबले.

तुमच्यातला चौकस वाचक इथे मला पकडेल : म्हणजे ‘काळ हेच औषध’ चालतं की. लिंकनना चाललं. तुम्ही लिहू नका. ते म्हणायला आधी ‘तुला हे आज पटणार नाही’ असं कबूल करावं लागतं, आणि स्वतः त्या वाटेनं जाऊन यावं लागतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण म्हणतो ते उगाच नाही. तुमच्या घरात अशी जागा रिकामी झालेली नसेल, तर काळाबद्दल बोलणं त्यांच्यावर सोपवा ज्यांच्या घरात ती झाली आहे.

भेटलात आणि तो रडला तर? रडू द्या. “रडू नको” म्हणू नका, लगेच पाण्याचा ग्लास आणायला धावू नका, पाठ थोपटून आवरतं घ्यायला लावू नका. या सगळ्यातून त्याला एकच कळतं, की हे बघणं तुम्हाला जड जातंय, आता पुरे. बसून राहा. शांतता झाली की ती भरायची ओढ लागते, ती ओढ सोसायची. तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, ताई तुमचीही होती. मात्र तुमचा आवेग त्याच्यापेक्षा मोठा होऊ लागला, तर जरा बाहेर जाऊन या. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये याचा एक सोपा नियम लिहिला होता. दुःखाच्या मध्यभागी असलेल्या माणसाभोवती वर्तुळं कल्पायची, जवळची माणसं आतल्या वर्तुळात, लांबची बाहेरच्या. आधार आतल्या दिशेनं द्यायचा, स्वतःची घालमेल बाहेरच्या दिशेनं सांगायची. तुमची घालमेल तुमच्या बायकोला सांगा, मित्रांना सांगा, मला सांगितलीत ती योग्यच. त्याच्या आईला नको.

आणि तो बोलायला तयार नसेल, विषय बदलला, तर तुम्हीही बदला. क्रिकेटवर बोलायचं असेल तर क्रिकेट. समोरासमोर बसून “बोल, मन मोकळं कर” म्हणण्यापेक्षा बरोबर चालायला जा. विशेषतः पुरुष माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून काही बोलत नाहीत. शेजारी चालताना, गाडी चालवताना, दोघांची नजर समोर असताना कधीतरी बोलून जातात. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र समजू नका.

मदत करायचीच असेल, तर तिचं नाव, दिवस आणि वेळ ठरवून सांगा. “शनिवारी सकाळी दहाला येतो. बाबांना तपासणीला मी नेतो, तू झोप. नको असेल तर ‘नको’ एवढंच पाठव.” माणूस गेल्यावर कागदांचं केवढं तरी मागे उरतं : बँकेची खाती, विमा, फोनचं कनेक्शन, दवाखान्याची बिलं, आणि प्रत्येक खिडकीवर पुन्हा पुन्हा “कोण होत्या तुमच्या?” या रांगांमध्ये शेजारी उभा राहणारा मित्र फार कमी जणांना मिळतो. तिथे तर शब्दही लागत नाहीत, आणि तुमच्या सहीवरून दिसतं की ते तुम्हाला सोयीचंच आहे.

काळजी कधी करायची, तेही सांगून ठेवते. तीन महिन्यांनी माणूस रडतो, झोपत नाही, कामात चुकतो, यात आजार काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सध्याचं वर्गीकरण किमान सहा महिने आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची २०२२ ची सुधारित नियमावली मोठ्या माणसांसाठी किमान एक वर्ष उलटल्यावर, तेही ओढ तसूभर कमी झालेली नसेल आणि रोजचं जगणं ठप्प असेल तरच, लांबलेल्या शोकाचा विकार म्हणते. पण महिने मोजत बसू नये अशाही खुणा असतात : “मीही गेलो असतो तर बरं झालं असतं” असं तो वारंवार म्हणायला लागला, दारूवर दारू सुरू झाली, आपल्या वस्तू वाटून टाकायला लागला. मग आडवळणानं जाऊ नका. “जीव द्यायचे विचार येतायत का?” असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. इथे मात्र ‘बदल्यात काही मागायचं नाही’ हा माझा नियम बाजूला. इथे उत्तर मागायचंच.

बायकोचं म्हणणं मला पुरतं चूक वाटत नाही. त्याला वेळ लागेलच, तो कुणी दिला नाही तरी लागेल. फक्त तो देताना आपण गायब व्हायचं कारण नसतं.

राहिला वाढदिवस. पहिला मेसेज त्या दिवसासाठी राखून ठेवू नका, याच आठवड्यात पाठवा. वाढदिवसाला सकाळी वेगळा, छोटा : “आज ताईचा वाढदिवस. तुझी आठवण काढतोय.” फोन करायचा की नाही, हे पहिल्या मेसेजनंतर काय होतं त्यावर ठरवा. मग फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा दरवर्षी आठवण येईल अशा टाकून ठेवा, तिच्या जन्माची आणि ती गेली ती. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांना आठवतं. तिसऱ्या वर्षी आठवणारे बोटांवर मोजण्याएवढे असतात, तेव्हा तुमचा मेसेज गेला पाहिजे.

पाठवल्यावर निळ्या खुणांकडे बघत बसू नका. त्यानं वाचलं आणि काहीच लिहिलं नाही, तर तुम्हीच दिलेली मोकळीक त्यानं घेतली असं समजा आणि “मिळाला ना रे मेसेज?” असं विचारू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा एक ओळ टाका, ताईबद्दलच असायला हवी असं काही नाही.